सांबऱ्याहून मुंबई किती दूर?

शाळेच्या भिंतीवर टांगलेला हिंदुस्थानचा नकाशा घ्यावा, एक फूटपट्टी घ्यावी आणि चौथीतल्या मुलाला विचारावे, ‘बाळ, बेळगावाहून मुंबई जवळ की बंगळूर?’ मूल फूटपट्टी ठेवील, मोजील आणि क्षणभरही न अडखळता सांगेल, ‘मुंबई!’ त्या मुलाने राज्य पुनर्रचनेचा कायदा वाचलेला नसतो, महाजन अहवाल त्याच्या दृष्टीस पडलेला नसतो, आणि सर्वोच्च न्यायालयात २००४ सालापासून महाराष्ट्राचा दावा पडून आहे हेही त्याला ठाऊक नसते. त्याला फक्त मोजता येते. ज्यांना मोजता येते त्यांना सत्य सांगावेच लागते. ज्यांना राज्य करायचे असते त्यांची गोष्ट निराळी!

फूटपट्टीचा हिशेब आम्ही अधिक काटेकोरपणे करून पाहिला. विमानतळांचे अक्षांश-रेखांश काही गुप्त नाहीत. त्यांवरून पृथ्वीच्या गोलाईसह सरळ अंतर काढले, तर बेळगावचा सांबरा विमानतळ ते मुंबईचा विमानतळ हे अंतर सुमारे ४०३ किलोमीटर, म्हणजे अडीचशे मैल भरते. सांबरा ते बंगळूरचा देवनहळ्ळी येथील विमानतळ हे अंतर सुमारे ४४४ किलोमीटर, म्हणजे पावणेतीनशे मैलांच्या वर जाते. वैमानिक ज्या सागरी मैलांत बोलतात त्या मापाने पाहावयाचे तर एक २१८ आणि दुसरे २४०. कोणतेही माप घ्या, मुंबई चाळीस किलोमीटरांनी जवळच राहते. दोन्ही वाटांवर विमान सारख्याच वेगाने चालवले, तर मुंबईस पाच मिनिटे आधी पोहोचावे. अवघी पाच मिनिटे! त्या पाच मिनिटांसाठी हा अग्रलेख लिहिण्याचे आम्हास कारण नव्हते. परंतु ही पाच मिनिटे उलटी फिरून पाच तासांची, कधी पंधरा तासांची आणि कधी तर दोन दिवसांची कशी होतात, हे पाहिले म्हणजे सीमाभागावरील अन्यायाचे एक अंग उघडे पडते. त्याकडे आजवर कोणी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

अंतर आणि वेळ या दोन गोष्टी एक नव्हेत. अंतर निसर्गाने ठरवून ठेवले आहे. ते कोणत्याही विधानसभेत ठराव करून वाढत नाही, आणि कोणत्याही मंत्र्याच्या भाषणाने घटत नाही. वेळ मात्र माणसे ठरवतात. गाडी कोठून सोडावी, विमान कोणत्या वारी उडवावे, अनुदान कोणत्या मार्गास द्यावे आणि कोणत्या मार्गाचे काढून घ्यावे, हे सारे माणसे ठरवतात. आणि ज्यांच्या हाती सत्ता असते ती माणसे ठरवतात. म्हणून आम्ही म्हणतो की अंतर पाहावयाचे असेल तर नकाशा पाहा, आणि सत्ता पाहावयाची असेल तर वेळापत्रक पाहा.

आता वेळेचाच हिशेब मांडू. अशा टप्प्यांवर पंखे लावलेली सत्तर-पंच्याहत्तर आसनांची जी विमाने उडवतात, ती पूर्ण वेग घेतल्यावर ताशी सुमारे पाचशे किलोमीटर जातात. त्या वेगाने ४०३ किलोमीटर कापण्यास पन्नास मिनिटेही लागू नयेत. परंतु विमान म्हणजे बंदुकीची गोळी नव्हे. त्याला धावपट्टीपर्यंत चालत जावे लागते, चढावे लागते, उतरताना वेग आवरावा लागतो. शिवाय मुंबईचे आकाश सदैव गजबजलेले. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदत असल्यामुळे एका वेळी बहुधा एकीवरूनच काम चालते. त्यामुळे रांगेत घिरट्या घालीत थांबणेही आले. हे सर्व धरून वेळापत्रकात सव्वा तास लिहिला, तर ते रास्त आहे. त्यात घरून सांबऱ्यास पोहोचण्याचा अर्धा तास, उड्डाणापूर्वी हजर राहण्याचा दीड तास, मुंबईस सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास आणि शहरात मुक्कामी पोहोचण्यास एक तास मिळवा. घराच्या उंबरठ्यापासून मुंबईतल्या कामाच्या दारापर्यंत पावणेपाच तास. सकाळी चहा घेऊन निघालेला माणूस दुपारच्या जेवणास परळला पोहोचतो. रात्रीच्या बसने याच प्रवासास दहा-बारा तास लागतात आणि दुसरा दिवस अंग दुखण्यात जातो.

हे झाले थेट विमान असेल तेव्हाचे. ते नसेल तेव्हा काय? तेव्हा तिकिटाच्या खिडकीवर बसलेला मनुष्य अत्यंत नम्रपणे सांगतो, ‘साहेब, बंगळूरमार्गे जा ना!’ वाचकहो, या नम्र सूचनेचा भूगोल एकदा पाहून घ्या. मुंबई आमच्या वायव्येस, बंगळूर आमच्या आग्नेयेस. मुंबईला जाण्यासाठी मुंबईकडे पाठ करून ४४४ किलोमीटर जायचे, तिथे तीन-चार तास ताटकळायचे आणि मग आपल्याच गावाच्या बाजूने परत उत्तरेकडे ८३२ किलोमीटर उडायचे. एकूण १,२७६ किलोमीटर! जिथे ४०३ पुरतात तिथे तिपटीहून अधिक. दारातून देवळात जाण्यासाठी गावाला वळसा घालावा तशातली ही गोष्ट आहे. आणि या वळशाचे भाडे कोणी माफ करीत नाही, वळसा घेणाराच ते भरतो.

हा वळसा आजचा नाही. सीमाभागातील मराठी माणसाच्या नशिबी तो १ नोव्हेंबर १९५६ पासून आला आहे. त्या दिवसापर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. आमचे सरकार मुंबईत होते, आमची बाजारपेठ मुंबईत होती, आमची पोरे मुंबईच्या गिरण्यांत आणि कचेऱ्यांत होती. १९४६ साली याच बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि त्याच मांडवातून संयुक्त महाराष्ट्राची मागणी घुमली. ज्या गावाने ती मागणी उच्चारली तेच गाव संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिले. इतिहासाने केलेली याहून क्रूर थट्टा आम्हास ठाऊक नाही. एका रात्रीत आमची राजधानी वायव्येकडून आग्नेयेकडे गेली. माणसे होती तिथेच राहिली, घरे होती तिथेच राहिली, नातीगोती आणि व्यवहार होते तिथेच राहिले. बदलले ते फक्त अर्ज कोणत्या दिशेला पाठवायचा एवढेच. पुढे सरकारी गाड्या, सरकारी रस्ते आणि सरकारी पैसा अर्जांच्या दिशेने वाहू लागला, आणि माणसांची दिशा पोरकी झाली. रेल्वेने मुंबईस जाणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनी आधी पुण्यास आणि नंतरच्या काळात मिरजेस, रूळ बदलतात म्हणून मध्यरात्री वळकट्या खांद्यावर घेऊन गाड्या बदललेल्या आहेत. त्या फलाटावर झोपेत रडणारी पोरे आज साठीला आली. रूळ रुंद झाले, आणि आता त्याच पोरांना विमान बदलण्यास सांगण्यात येत आहे!

आणि सांबऱ्याचा विमानतळ म्हणजे काही कालपरवाची सरकारी कृपा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिशांच्या हवाई दलाने तो बांधला. तेव्हा देवनहळ्ळीच्या विमानतळाचा कोणाच्या स्वप्नातही पत्ता नव्हता. तो सुरू झाला २००८ साली. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोमंतकाच्या मुक्तीसाठी हवाई दलाची हंटर विमाने याच सांबऱ्यावरून उडाली आणि त्यांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. सांबरा ते दाभोळी हे अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. मधे सह्याद्री होता, पोर्तुगिजांची सरहद्द होती, साडेचारशे वर्षांची सत्ता होती. विमानांना त्यांपैकी काहीच आडवे आले नाही. सीमा जमिनीवर आखता येतात, आकाशात येत नाहीत, हे जगाला ज्या धावपट्टीने दाखवून दिले, त्याच धावपट्टीवर आज आम्हाला सांगण्यात येते की मुंबई ‘दुसऱ्या राज्यात’ आहे!

सांबऱ्याला २०१७ साली नवी टर्मिनल इमारत मिळाली. इमारत चांगली आहे, आम्ही तिला नावे ठेवणार नाही. परंतु इमारत म्हणजे प्रवास नव्हे. गेल्या काही वर्षांत मुंबईची विमानसेवा सुरू झाली, खंडित झाली, पुन्हा सुरू झाली. कधी वार कमी झाले, कधी वेळ अशी ठेवली गेली की मुंबईत पोहोचेपर्यंत कचेऱ्या बंद व्हाव्यात. मार्च आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या शेवटच्या रविवारी विमानांचे वेळापत्रक बदलते. त्या दोन रविवारी सीमाभागातला प्रवासी, निकालाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यासारखा, आपले विमान उरले की गेले हे पाहत बसतो. ज्या प्रवासाचा भरवसा नाही त्याला प्रवासाची सोय म्हणणे हा भाषेचा अपमान आहे.

या बेभरवशाची किंमत कोण मोजतो? मंत्री मोजीत नाहीत. उद्योगपती मोजीत नाहीत, त्यांच्या दाराशी मोटारी उभ्या असतात. शहापुरातील आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आपल्या पत्नीस परळच्या रुग्णालयात तपासणीसाठी नेणार होते. दीड महिन्यांपूर्वी मिळालेली तारीख, तीन आठवड्यांपूर्वी काढलेली तिकिटे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी विमान रद्द झाल्याचा दोन ओळींचा संदेश आला. पैसे परत मिळतील, असे त्यात लिहिले होते. पैसे परत मिळालेही. परंतु तारीख कोण परत देणार? रात्रीच्या बसमध्ये जागा नव्हती, आणि असती तरी बारा तास बसून जाण्याची त्या माउलीची अवस्था नव्हती. तीन आठवड्यांनी दुसरी तारीख मिळाली. त्या कंपनीचे नाव आम्ही घेत नाही, कारण दोष एका कंपनीचा नाही. ज्या मार्गावर सरकारला काही देणेघेणे नाही, त्या मार्गावर कोणतीही कंपनी असेच वागणार. त्या गृहस्थांनी आम्हास एवढेच विचारले, ‘संपादक, मुंबई पूर्वी एवढी लांब नव्हती, नाही का हो?’ या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते ज्यांच्यापाशी असावयास हवे, त्यांच्यापुढे आज आम्ही तो मांडीत आहोत.

यावर पहिले उत्तर येते ते बाजाराचे. ‘विमाने बाजाराच्या नियमाने उडतात, त्यात राजकारण आणू नका.’ बाजाराचा नियम आम्हास मान्य आहे, पण तो सर्वांना सारखा लावा. २०१६ साली केंद्राने ‘उडान’ योजना जाहीर केली ती कशासाठी? बाजार ज्या गावांना विचारीत नाही त्यांना आकाश खुले करावे म्हणून. पाचशे किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या उड्डाणास अडीच हजार रुपये भाडे आणि कंपनीच्या तोट्यास सरकारचा टेकू, हा तिचा गाभा. ४०३ किलोमीटर हे अंतर जणू त्या योजनेच्या मापानेच कापलेले! योजनेच्या तिसऱ्या फेरीत बेळगावचा समावेश झाला, हेही खरे. परंतु हा टेकू तीन वर्षांचा. त्यातला ऐंशी टक्के भार केंद्राचा आणि वीस टक्के राज्याचा. म्हणजे कोणता मार्ग जगवावा यात राज्य सरकारचा हात आला आणि राज्य सरकारची इच्छा आली. मग राजकारण आम्ही आणले की ते आधीपासूनच तिथे बसलेले होते?

आणि तीन वर्षांनी टेकू काढल्यावर काय होते, ते आम्ही सांगण्याची गरज नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ साली सांगून ठेवले आहे. योजनेत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. उरलेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली, आणि टेकू सुटल्यावर मार्च २०२३ अखेर चालू राहिले ते अवघे ५४. योगायोग पाहा, सांबऱ्यापासून मुंबईचे किलोमीटर ४०३ आणि सरकारच्या न उडालेल्या मार्गांची संख्याही ४०३! हे दुःख एकट्या बेळगावचे नाही, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. परंतु इतर गावांचा मार्ग बुडाला तर त्यांचे राज्य त्यांच्यासाठी दिल्लीत भांडते. आमच्या मुंबईच्या मार्गासाठी कोणी भांडावयाचे? बंगळूरने? बंगळूरास बेळगावाहून मुंबईस जाणाऱ्या माणसाचे काय पडले आहे? तो मनुष्य बंगळूरास आला पाहिजे, ही त्यांची राजनीती. २०१२ साली बेळगावात सुवर्ण विधानसौध उभा करून आमच्या छातीवर दुसऱ्या राजधानीचा शिक्का मारला गेला तो काही मुंबईचा रस्ता सोपा करण्यासाठी नव्हे!

दुसरे उत्तर येते ते शेजारच्या विमानतळांचे. ‘तुमच्याभोवती विमानतळांचे कडे आहे. हुबळी आहे, मोपा आहे, कोल्हापूर आहे, दाभोळी आहे. तिकडून जा.’ होय, कडे आहे. सरळ रेषेत हुबळी सुमारे ७४ किलोमीटर, मोपा ८२, कोल्हापूरचे उजळाईवाडी ९६ आणि दाभोळी १००. पण माणूस सरळ रेषेत जात नाही, त्याला घाट उतरावा लागतो. चोर्ल्याच्या घाटातून पावसाळ्यात रुग्ण घेऊन जाणाऱ्या माणसास विचारा म्हणजे ८२ किलोमीटर म्हणजे किती तास ते तो सांगेल. उजळाईवाडीला दोन तास मोटार, मोटारीचे भाडे विमानाच्या तिकिटाएवढे, आणि उड्डाणापूर्वीची हजेरी वेगळी. पावणेपाच तासांचा प्रवास सहा तासांच्या वर जातो. शिवाय आम्ही विचारतो, पाच लाख वस्तीच्या शहराला, जिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, जिथल्या ओतशाळांचा माल देशभर जातो, ज्या जिल्ह्यातील हत्तरगीस खुद्द विमानांचे सुटे भाग तयार होतात, त्या शहराला ‘शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरा’ असे सांगण्याचा अधिकार कोणी दिला? विमानाचे भाग घडवावेत आम्ही, आणि विमान धरण्यासाठी घाट उतरावा तोही आम्हीच!

आणि ज्या रस्त्याने ‘तिकडे जा’ म्हणता, तो रस्ता तरी उघडा असतो काय? ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडीच्या नाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले आणि दोन राज्यांमधली बससेवा थांबली. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका वाहकाशी भाषेवरून झालेल्या भांडणाचे पडसाद चित्रदुर्गापर्यंत उमटले आणि पुन्हा बसगाड्या आगारात उभ्या राहिल्या. जेव्हा जेव्हा वातावरण तापते तेव्हा तेव्हा कोगनोळीचा नाका ही दोन देशांमधली सरहद्द होते. महाराष्ट्रातून येणाऱ्या नेत्यांना तिथे अडवतात, मोटारी तपासतात, माणसे परत पाठवतात. नकाशावरचे अंतर तेच असते, पण त्या दिवशी बेळगावाहून मुंबईचा प्रवास किती तासांचा, या प्रश्नाला उत्तरच उरत नाही. आकाशात कोगनोळीचा नाका नाही. म्हणूनच सीमाभागातील माणसाला मुंबईचे विमान ही चैन नसून ते वादळात उघडे राहणारे एकच दार आहे.

येथे आमच्या विरोधकांच्या ओठांवर आलेला एक आक्षेप आम्हीच मांडून टाकतो. ‘चाळीस किलोमीटरांनी मुंबई जवळ आहे म्हणून बेळगाव महाराष्ट्रात घालावयाचे काय?’ नाही. असा बालिश युक्तिवाद आम्ही करीत नाही. उद्या हैदराबाद आणखी जवळ निघाले म्हणून बेळगाव तेलंगणाचे होत नाही. आमचा दावा खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार खांबांवर उभा आहे, आणि त्यांतील पहिल्या तीन तत्त्वांवर आंध्र आणि मद्रास यांची सीमा पाटसकरांनी आखून दिली व १९५९ साली संसदेने तीस कायद्याचे रूपही दिले. जे तत्त्व तिथे न्याय ठरले ते येथे अन्याय कसे ठरते, एवढाच आमचा प्रश्न आहे. सेनापती बापटांनी १९६६ साली प्राण पणास लावले ते याच प्रश्नासाठी. त्यानंतर नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली जो निवाडा दिला, तो सीमाभागाने त्याच दिवशी नाकारला. विमानाचे अंतर हा आमच्या दाव्याचा पाया नव्हे. पण ते एक साक्षीदार आहे. ज्या भूमीला तिच्या स्वाभाविक केंद्रापासून तोडले जाते, तिथला प्रत्येक प्रवास वाकडा होतो, ही साक्ष ते देते. आणि हा साक्षीदार फितूर होत नाही.

आमचे भांडण कानडी बांधवांशीही नाही. बेळगावातील कानडी व्यापारी, कानडी विद्यार्थी आणि कानडी रुग्ण हेही मुंबईस जातात, त्यांची लेकरेही मुंबईत नोकरीस आहेत. मुंबईचे विमान बुडाले तर त्यांचाही दिवस बुडतो. बंगळूरचे विमान बंद करा, असे आम्ही कधी म्हटले नाही आणि म्हणणार नाही. बंगळूरला जाणाऱ्याने सुखाने बंगळूरला जावे. मुंबईला जाणाऱ्यास बंगळूरवरून नेऊ नका, एवढेच आमचे म्हणणे आहे. यात द्वेष कोणता? दारातून बाहेर पडणाऱ्या माणसाला दार उघडे ठेवा म्हणणे हा द्वेष असेल, तर आम्ही द्वेषी आहोत!

परंतु दुसऱ्याकडे बोट दाखवून आम्ही थांबणार नाही. महाराष्ट्र सरकारला आमचा सवाल अधिक कडक आहे. २७ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ८६५ गावांसाठी एकमुखी ठराव केला. २०२३ साली याच गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करून पैसाही ठेवला. बंगळूरने त्यावर आकांडतांडव केले, तरी महाराष्ट्राने पाऊल मागे घेतले नाही, याबद्दल आम्ही आभारी आहोत. पण महाराज, औषधाचे पैसे तुम्ही दिलेत, दवाखान्याचे दार तुम्ही उघडलेत, त्या दारापर्यंत रुग्णाने यावे कसे? विमानमार्गाच्या तोट्याला राज्याने टेकू द्यावयाचा असतो ना? मग सांबरा-मुंबई मार्गाचा टेकू महाराष्ट्राने स्वतःहून देऊ करावा. ठरावातल्या शाईपेक्षा त्याचे मोल अधिक होईल. कोल्हापुरापर्यंत येऊन सीमावासीयांच्या नावाने गळा काढणारे आणि संध्याकाळच्या विमानाने उजळाईवाडीहून मुंबईस परतणारे पुढारी आम्ही पुष्कळ पाहिले. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या मंत्र्यांचा बेळगाव दौरा ठरला आणि रद्द झाला, तेही पाहिले. मंत्र्यांना बेळगावपर्यंत येता येत नसेल, तर निदान बेळगावच्या माणसाला मुंबईपर्यंत येता येईल एवढी तजवीज करा!

आणि महाराष्ट्राला सबब सांगण्यास आता जागाही उरलेली नाही. मुंबईच्या आकाशात गर्दी आहे, छोट्या विमानास उतरण्यासाठी वेळ मिळत नाही, ही सबब आम्ही वर्षानुवर्षे ऐकली. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून वाहतूक सुरू झाली. सांबऱ्याच्या दृष्टीने तो जुन्या विमानतळापेक्षा आणखी वीसएक किलोमीटर जवळ. ज्या सरकारने हा विमानतळ उभा करण्यास हातभार लावला, त्याला त्यावर सीमाभागाच्या एका विमानासाठी सकाळची एक आणि संध्याकाळची एक वेळ राखून ठेवता येणार नाही काय?

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. सांबऱ्याहून मुंबईस रोज सकाळी एक विमान, संध्याकाळी परत एक विमान. सुटण्याची वेळ अशी की त्याच दिवशी काम आटोपून माणूस घरी यावा. या मार्गास तीन नव्हे, दहा वर्षांची हमी. रुग्ण आणि त्याच्या सोबत्यासाठी दोन्ही सरकारांनी मिळून काही जागा सवलतीत राखून ठेवाव्यात. आणि हंगामी वेळापत्रक बदलण्यापूर्वी ते बेळगावच्या प्रवाशांपुढे दोन महिने आधी मांडावे. यातील एकही मागणी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालासाठी थांबण्याची गरज नाही. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर माणसांना मरू देऊ नका आणि ताटकळत ठेवू नका.

शेवटचे दोन शब्द आमच्याच माणसांसाठी. सीमाबांधवांनो, अर्ज लिहिण्यात आपण पटाईत आहोत, मोर्चा काढण्यात आपण कमी नाही, १ नोव्हेंबरला काळा दिन आपण नेमाने पाळतो. पण विमान सुरू झाले की त्यात बसणे हेही आंदोलन आहे. रिकाम्या आसनांचे विमान बंद पाडण्यास कोणा सरकारची गरज लागत नाही, आपलीच उदासीनता पुरते. ज्यांना परवडते त्यांनी मुंबईस जाताना सांबऱ्याहूनच जावे. दोन-अडीचशे रुपये वाचवण्यासाठी उजळाईवाडीकडे मोटार वळवू नये. प्रत्येक भरलेले आसन ही आपली एक सही आहे. पूर्वी सत्याग्रहाच्या तुकड्या निघत, आता प्रवाशांच्या निघाव्यात.

शहापुरातील त्या वृद्ध गृहस्थांचा प्रश्न आम्ही विसरलो नाही. मुंबई पूर्वी एवढी लांब नव्हती, नाही का हो? नव्हती, आणि आजही नाही. ती जिथे होती तिथेच आहे, सांबऱ्यापासून चारशे तीन किलोमीटरांवर. ती लांब केली गेली आहे. जे माणसांनी लांब केले ते माणसांना जवळही आणता येते. ते जवळ आणल्याशिवाय, बेळगाव-कारवार-निपाणी-बिदर-भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झाल्याशिवाय, ही लेखणी थांबणार नाही आणि हा सीमाभाग स्वस्थ बसणार नाही!